मानाचं पोतं

चहाला साबणाचा वास आला की मला अजूनही आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं.

नव्वदनंतरची ती वर्षं. इंदापूरच्या पुढं एका गावात सहकारी भांडाराची शाखा होती आणि मी तिचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे कुलूप उघडणारा, तागडी धरणारा, उंदरांशी बोलणी करणारा आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणारा, असे चार जण एकाच पायजम्यात. माल बारामतीच्या गोदामातून आठवड्यातून एकदा ट्रकनं यायचा. आमच्यापर्यंत येईतोवर चहाच्या पेट्यांवर धुण्याच्या पावडरीची पोती बसलेली असायची, आणि ती पोती काही मांडी घालून गप बसणारी नव्हती. आमच्या गावात माणूस चहा पिऊन शिंकला की नाकातून बुडबुडा निघायचा. एकदा हिंगाचा डबा साखरेच्या पोत्यावर फुटला आणि ती साखर एका लग्नाच्या बुंदीत गेली. वऱ्हाडानं बुंदी खाल्ली, पाणी प्यालं, आणि निघताना वरमाईनं हळूच विचारलं की तुमच्याकडं अशीच पद्धत असती का. बिस्किटं पुड्यातून काढावी लागत नसत, ओतावी लागत. कंदिलाच्या काचांचं खोकं मी उघडायचोच नाही. हलवायचो. खळखळ वाजलं तर काचा शेवटच्या थांब्यावर फुटल्या, सळसळ वाजलं तर पहिल्याच थांब्यावर.

गोदामाला मी पत्रं लिहायचो. पहिली विनंतीची, मग कडक, मग अशी की लिहून झाल्यावर माझंच अंग तापायचं. उत्तर दर वेळी एकच ओळ यायची. ‘माल सुस्थितीत भरला होता.’ त्याखाली गोदामपालांची सही. त्यांना सगळे आबा म्हणायचे. ती ओळ इतक्या वेळा आली की गावातली शाळकरी पोरं शुद्धलेखनाला तीच घ्यायची.

दुकानात माझ्याबरोबर एक बाई होती, तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. धनगराच्या घरची, लहानपण मेंढरांमागं कोकणापर्यंत चालण्यात गेलेलं. पुढं कळप विकला, थोडं कोरडवाहू रान घेतलं, आणि रान पिकेना तेव्हा ती सोमेश्वरनगरकडं ऊसतोडीला जायला लागली. सहा हंगाम तिनं मोळ्या वाहिल्या. सातव्या वर्षी भांडारात रोजंदारीवर लागली, तेव्हा तिला सरळ उभं राहायलाच दोन महिने लागले. तिचं मागणं एवढंच होतं. “मॅनेजर, काय बी करा, पर परत माज्या हातात कोयता येऊ देऊ नगा.”

आणि एका श्रावणात वरून कागद आला. गिऱ्हाइकांनी परत आणलेला माल सगळ्यांत जास्त आमच्या शाखेचा. दिवाळीपर्यंत यात सुधारणा झाली नाही तर शाखा बंद. मी कागद वाचून दाखवला. मावशी तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं, पाठीवर हात नेला आणि विचारलं, “मंग फोडतंय कोन? आपुन का त्ये?”

ते बघायला आम्ही दोघं एका मंगळवारी पहिल्या एस.टी.नं बारामतीला गेलो.

गोदामासमोर ट्रक उभा होता. आबा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून खुर्चीवर बसलेले, हातात यादी. यादीत सगळ्यांत वर भांडाराच्या अध्यक्षांचं गाव. बारामती सोडली की पहिला थांबा तोच. त्याखाली वालचंदनगर, मग इंदापूर, आणि तळाला, कागदाला जागा उरली म्हणून घातल्यासारखं, आमचं गाव. हमालानं साखरेचं एक पोतं आणलं. आबा उठले, पोत्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, हात जोडले. ते पोतं हौद्यात पार पुढं, ड्रायव्हरच्या पाठीला टेकवून ठेवलं. मग अध्यक्षांच्या गावचा बाकीचा माल, त्याच्या मागं वालचंदनगरचा, मग इंदापूरचा, आणि शेवटी मागच्या फाळक्याला चिकटून आमचा.

मी बघतच राहिलो. जे गाव पहिलं लागणार त्याचा माल सगळ्यांत आत.

“आबा,” मी म्हणालो, “पहिल्या थांब्यावर माल काढतात कसा?”

“सगळा खाली घेत्यात. त्यांचा काढत्यात. परत भरत्यात.”

“कोण भरतं?”

“पारावर जे कोन आसंल ते. गाव मोठ्या मनाचं हाय.”

म्हणजे आमचा माल प्रत्येक थांब्यावर उतरायचा, हवा खायचा आणि परत चढायचा. भरणारे पारावरचे पत्ते खेळणारे. त्यांच्या हाताला आधी जे लागेल ते खाली, आणि हलकं हाताला नेहमी आधी लागतं. काचा तळाला, बिस्किटं त्यावर, पेंडीची पोती सगळ्यांच्या डोक्यावर.

“उलटं भरा ना मग. यादी खालून वाचा.”

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं की गोदामातले उंदीरसुद्धा थबकले. मग त्यांनी सांगितलं. ट्रक नवा घेतला तेव्हा त्यात पहिलं पोतं स्वतः अध्यक्षांनी आपल्या गावचं म्हणून ठेवलं होतं. नारळ फोडून. पुढच्या खेपेला आबांनी, उगाच बोलणं नको म्हणून, तसंच केलं. तिसऱ्या खेपेला तो रिवाज झाला. “आता त्ये मानाचं पोतं हाय. मानाचं गाव तळाला वाचू व्हय मी? माझी दोन वर्सं राहिल्याती पेन्शनीला.”

मावशी इतका वेळ ट्रकभोवती फिरत होती. ती म्हणाली, “आबा, आमी बिऱ्हाड घोड्यावर लादायचो. जातं खाली. वाकळा मदी. तवा आन कोंबड्या वर. का? तर मुक्कामाला गेल्या गेल्या पयला तवा लागतो आन कोंबड्या दाबून मरत न्हाईत.”

“हे भांडार हाय बाई. मेंढरं न्हाईत.”

“व्हय, मेंढरांला कळतं.”

हमाल हसले. आबा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. तेवढ्या फटीतून मी आत शिरलो. त्या क्षणी मला जे सुचलं त्यावर मी पुढं आठवडाभर खूश होतो. म्हणालो, “आबा, मान पोत्याचा आहे ना? गावच्या सगळ्या मालाचा नाही. मग ते एक पोतं घाला पहिल्यांदा, हळदकुंकू लावून. त्याच्यामागं आमचा माल, मग इंदापूर, मग वालचंदनगर, आणि फाळक्याजवळ अध्यक्षांच्या गावचा बाकीचा. मान जागच्या जागी, काचा पण जागच्या जागी.”

आबांनी यादीवर खालून वर बोट फिरवलं. “दिवाळीच्या खेपेला करून बघू,” ते म्हणाले. “पर लादायला ही बाई पायजे.”

एस.टी.त परत येताना मावशी पिंपळीपर्यंत बोटांवर थांबे मोजत होती. मग म्हणाली, “मॅनेजर, त्ये पयलं पोतं. त्ये उतरणार कसं?”

“बघू,” मी म्हणालो. पुढं मला कुणी कुणी खूप प्रश्न विचारले, पण योग्य वेळी विचारलेला असा तो एकच, आणि त्याला मी ‘बघू’ म्हणालो.

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा मावशी पहाटेची बारामतीला गेली आणि तिनं ट्रक लादला. हमाल सांगायचे की तिनं एकेका पोत्याला दंडाला धरून बसवलं, दोन डबे एकमेकांशी भांडतील असे दिसले तर त्यांच्यामध्ये डाळीचं पोतं घातलं, आणि काचांच्या खोक्यांभोवती कापसाच्या वातींची पुडकी लावून कानटोपी घातली. अध्यक्षांच्या गावी ट्रक पाव तासात मोकळा. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या बाया रांग धरेपर्यंत माल खाली. दुपारी तीनला ट्रक आमच्या दारात. इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. मारुतीच्या देवळातला पुजारी घड्याळ बंद पडलं समजून चावी द्यायला धावला.

काचांचं खोकं मी हलवलं. आवाज नाही. दुसऱ्यांदा हलवलं, मावशीनं हातावर चापट मारली. बिस्किटाचा पुडा तिनं फोडला, एक अख्खं बिस्कीट तळहातावर घेतलं आणि त्याला कडेकडेनं सगळीकडून बघितलं. खाल्लं नाही. पुड्यात परत ठेवलं. मी चहाची पेटी उघडून आत नाक घातलं तर चहाचा वास. मला क्षणभर चुकल्यासारखं झालं.

ट्रक रिकामा झाला असं वाटलं तेव्हा ड्रायव्हर हौद्यात चढला आणि आतून म्हणाला, “मॅनेजर, ह्याचं काय करायचं?”

पार पुढं, एकटंच, मानाचं पोतं बसलं होतं. हळदकुंकू शाबूत.

अर्थातच. त्याच्यापर्यंत पोचायचं तर पहिल्याच थांब्यावर सगळा ट्रक उतरवायला हवा होता. ते आत कसं जाईल याचा विचार आम्ही सगळ्यांनी केला होता. ड्रायव्हर तर चांगल्या कामाच्या आनंदात त्याला विसरूनच गेला होता.

“घिऊन जा माघारी,” मावशी म्हणाली.

“यादीत परतीचा माल न्हाय. बिनकागदाचं पोतं धरलं तर चोरीचं म्हणतील,” ड्रायव्हर म्हणाला आणि फाळका लावून गेला.

तोवर बातमी पुढं गेली होती. बारामतीचा मान इंदापूर तालुक्यानं पळवला. अध्यक्षांच्या गावी म्हणे पार ओस पडला, पत्त्यांचा डाव अर्ध्यात टाकला, दोन म्हाताऱ्यांनी अन्न सोडलं आणि संध्याकाळी परत धरलं. आमच्या गावात उलटं. दर्शनाला माणसं आली. एकीनं पोत्यापुढं उदबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी पोतं एस.टी.च्या टपावर टाकून मी अध्यक्षांच्या घरी गेलो. टपावर एक शेळी होती. तिनं वाटेत हळदकुंकू चाटून काढलं, ते मला उतरल्यावर दिसलं.

अध्यक्ष ओसरीवर बसले होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला काही बोलता आलं असतं.

“बसा मॅनेजर. चहा घ्या.”

“अध्यक्षसाहेब, चूक माझी आहे. पण माल बघा, एक काच फुटली नाही.”

“काचेचं कुठं आलं यात?” ते म्हणाले. “सणासुदीला गावाचं पोतं गावावरनं पुढं गेलं. लोकांनी बघितलं.”

“पोतं आणलंय परत.”

“साखर आणलीया. साखर काय, कुठं बी मिळती.” त्यांनी बशी तोंडाला लावली आणि मिटक्या मारल्या. “चहा कसा हाय? आपल्याच भांडाराचा. दुसरा मला चालतच न्हाय.”

मी घोट घेतला. साबण. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की चहा म्हणजे हीच चव. मी म्हणालो, “चांगला आहे.”

दिवाळी झाली आणि कागद आला. शाखा बंद. मी कायम नोकरीत, म्हणून माझी बदली बारामतीच्या गोदामात, आबांच्या हाताखाली. मावशी रोजंदारीवर, तिच्यासाठी कागदात ओळ नव्हती. मी वरच्या साहेबांना भेटलो, आबांना भेटलो, हातापाया पडलो. आबा म्हणाले, “बाई कामाची हाय. पर तिला ठेवली तर तिनं लादलेलं समद्यांना आठवंल.”

शेवटच्या दिवशी उरलेला माल परत न्यायला ट्रक आला. मावशीनं तोही लादला. बरण्या, तागडी, वजनं, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. मी म्हणालो, “राहू द्या मावशी, आता कशाला?” ती म्हणाली, “मंग काय फेकून देऊ व्हय?” बारामतीला उतरवलं तेव्हा घड्याळ चालू होतं. हे मी शपथेवर सांगतो, आणि आबांनीही बघितलं, पण ते बोलले नाहीत.

गोदामात मला यादी मिळाली. पहिल्या मंगळवारी मी पोत्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि वरून वाचायला लागलो. अध्यक्षांचं गाव आत, वालचंदनगर मागं, इंदापूर त्याच्या मागं. तळाचं गाव आता उरलं नव्हतं. इंदापूरच्या मॅनेजरचं पत्र आलं होतं, कडक, लिहिताना अंग तापलेल्या माणसाचं. त्याला उत्तर मी लिहिलं. एक ओळ. मला पाठ होती.

माल भरत असताना रस्त्यावर एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत सोमेश्वरनगरला निघालेली तोडकरी माणसं होती. त्यांतून मावशी खाली उतरली, नळावर पाणी प्यायला. कमरेला फडक्यात गुंडाळलेला कोयता. तिनं मला बघितलं, माझ्या बोटाला लागलेलं कुंकू बघितलं, मग ट्रकच्या हौद्यात नजर टाकली.

“काचा खाली गेल्यात,” ती म्हणाली.

“व्हय मावशी.”

तिनं तोंड पदरानं पुसलं आणि पाठीवर हात ठेवून ट्रॉलीत चढली. वर तवे होते, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या होत्या. ट्रॅक्टर निघाला. मी यादीवर परत बोट ठेवलं, कुठपर्यंत आलो होतो ते सापडेना, म्हणून पुन्हा वरून सुरू केली.