आधी लाइन येतेय का बघू

माझ्या थोरल्या भावाला सगळे आधीराव म्हणतात. घर असो, दुकान असो, दवाखाना असो, नेटवर्क लावायला गेला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी लाइन येतेय का बघू." मग पिशवीतून तो चेपलेला लॅपटॉप काढणार, राऊटरला वायरने जोडणार आणि इंटरनेट येतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. तोवर नेटवर्कला नाव नाही, पासवर्ड नाही, कशाला हात लावणं नाही. घाई असेल त्याने दुसरा माणूस बघावा. एकदा एका शाळेच्या बावीस खोल्यांत दिवसभर खपून त्याने सगळं लावलं आणि संध्याकाळी कळलं, की बाहेरून येणारी लाइनच मेलेली होती. तेव्हापासूनचा हा नेम. त्याला हसणारे पुष्कळ आहेत; मीही त्यातलीच.

तारांच्या बाबतीत एवढा शहाणा माणूस, पण पोटच्या पोरीपुढे नुसता आडमुठा. पाच वर्षं ती त्याच्याबरोबर शिड्या चढली, भिंतींना भोकं पाडली, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. मग तिला दूरदेशी चांगलं काम मिळालं. हा म्हणाला, "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस." रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण पोरगी त्याचीच! तिने ते शब्दशः पाळलं. दीड वर्षं दोघांचा अबोला, आणि मधल्यामध्ये वहिनी आणि मी हैराण. गेल्या महिन्यात तिने मला कळवलं, की आता तिथे ती कायमची नोकरी घेतेय. मला धास्ती वाटली, की हा अबोलाही असाच कायमचा होऊन बसेल.

गेल्या आठवड्यात मी माझा शिवणवर्ग नव्या जागेत हलवला. लांबच्या मुली कॅमेऱ्यावरून शिकतात, तेव्हा इंटरनेट हवंच. भाऊ सकाळी दहाला आला, टेबलावरचे माझे कागदी नमुने न विचारता बाजूला सारले आणि लॅपटॉप जोडला. राऊटरचे सगळे दिवे हिरवे. पडद्यावर पान उघडलं. त्यावर एक ढग आणि "उणे अकरा".

"आली लाइन," मी म्हटलं. "आता लाव पटकन. साडेअकराला वर्ग आहे."

"नाही आलेली."

"अरे, पान दिसतंय की समोर!"

"हे सकाळचं साठवलेलं पान आहे. साठवलेलं पान फसवतं." तो वायर काढून पुन्हा खोचत पुटपुटला. "तिथे आत्ता दुपार झालीय. दुपारी इतकी थंडी नसते तिकडे."

मी चष्मा पुसून नीट बघितलं. पानावर पोरीच्या शहराचं नाव होतं.

"दादा, हे तू रोज बघतोस?"

"तपासायला बदलणारं पान लागतं. हवामान बदलतं."

"आपल्या गावाचं हवामान बदलत नाही वाटतं?"

त्याने राऊटर उलटा करून बघितला. म्हणजे दीड वर्षं हा माणूस ज्या ज्या घरात गेला, दुकानात गेला, तिथे लाइन तपासायच्या नावाखाली लेकीकडची थंडी बघत होता! मला त्याची इतकी माया आली, आणि इतका रागही, की हातातली कात्री मी आपटलीच. "एवढं कळतं, तर फोन का करत नाहीस?" तो पक्कड घेऊन जिन्यात गेला. तिथल्या केबलच्या डब्यात एक जोड सैल झाला होता. दिवे हिरवे असूनही आत काहीच येत नव्हतं, हे मात्र त्याचं खरं निघालं. परत येऊन त्याने पान पुन्हा उघडलं. उणे तीन. आणि खाली एक लाल पट्टी: संध्याकाळपर्यंत बर्फाचं वादळ, घराबाहेर पडू नये.

त्याचा चेहरा उतरला. "ती चारला सुटते," तो म्हणाला. "आणि चालत जाते."

हे त्याने वहिनीच्या फोनवरच्या बोलण्यातून टिपलं असणार. पलीकडच्या खोलीत तिचं लेकीशी बोलणं चालायचं आणि हा पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकायचा, एवढं न कळायला मी काल जन्मले नव्हते.

"मग सांग तिला."

"तू सांग. मला सेटिंग करायचंय." आणि खरंच, मान खाली घालून तो नेटवर्कला नाव देऊ लागला. एक अक्षर तीनदा चुकलं.

मी वाद घातला नाही. त्याचाच लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि पोरीला व्हिडिओ कॉल लावला. दुसऱ्या घंटीला दादा टेबलाखाली! पन्नाशी उलटलेला माणूस, हातात उगाच एक वायर धरून, माझ्या शिवणयंत्राच्या पायडलपाशी उकिडवा बसला.

पोरीने कॉल घेतला. कोट अर्धा अंगात, अर्धा लोंबत होता. "आत्या, पटकन बोल. आज लवकर सोडलंय, निघतेच आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. चांगला खणखणीत, शिडीवरून खाली ओरडायचा त्याचा आवाज.

"आत्ता बाहेर पडायचं नाही! वादळ आहे तिकडे!"

तिकडे ती जागच्या जागी थांबली. वाटलं, आता ही फोन ठेवते. हुकूम सोडायची ही काय वेळ, आणि दीड वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे असं!

तिने हळूच कोटाची बाही काढली. खुर्ची ओढली आणि बसली.

"नाही जात, बाबा," ती म्हणाली. "पण वादळ थांबेपर्यंत तुम्ही बोलत बसायचं."

टेबलाखालून त्याने आधारासाठी माझा हात मागितला. गुडघे धरले होते त्याचे. मी त्याला वर ओढलं, माझी खुर्ची दिली आणि साडेअकराच्या मुलींना निरोप धाडला, की आज वर्ग भरणार नाही.