दहा वाजेपर्यंतची बुरशी

चंद्रभानमामा परभणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. एकतीस वर्षं त्यांनी दरसाल प्रात्यक्षिक परीक्षेसाठी शेणावरची बुरशी वाढवली, आणि एकाही परीक्षकाने ती उभी असताना पाहिली नाही. हे दुखणं सांगायचं तरी कुणाला? घरी बायको मनकर्णा म्हणायची, "शेनावरल्या बुरशीपायी जीव जाळून घ्यायलाव व्हय?"

बुरशीचं नाव पायलोबोलस. मामा तिला टोपीवाली म्हणत. घोड्याच्या ताज्या लिदीवर ती चार-पाच दिवसांत उगवते. सुईएवढी पारदर्शक दांडी, तिच्यावर दवाच्या थेंबासारखा फुगा आणि फुग्यावर मोहरीहून बारीक काळी टोपी. सकाळी दांड्या उजेडाकडे माना वळवतात, नऊ-दहाच्या सुमाराला फुगे फुटतात आणि टोप्या दोन-दोन हात लांब उडतात. बाराला पाहावं तर सगळा चिखल.

आणि परीक्षक यायचे अकराला. मग चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. साहेब प्रयोगशाळेत पाऊल टाकायचे तेव्हा दांड्या आडव्या झालेल्या असायच्या, आणि भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या चार्टकडे बोट दाखवून पोरांना सांगितलं जायचं, "यावरून काढा."

यंदा मामांची शेवटची परीक्षा. महिनाअखेर निवृत्ती. यंदा तरी कुणाच्या तरी डोळ्यांदेखत टोपी उडालीच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. जवळच्या पिंगळी गावात वरातीची एक घोडी आहे. तिची लीद पिशवीत घालून मामा पॅसेंजरमध्ये बसले, तर शेजारची बाई नाकाला पदर लावून दाराशी जाऊन उभी राहिली. राहू दे. लीद काचेच्या भांड्यात ओल्या कागदावर ठेवली, वर काचेची बरणी पालथी घातली. एप्रिलचं ऊन, म्हणून दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं. रविवारीसुद्धा आले.

विभागप्रमुख बबिता मॅडमना त्यांनी हात जोडले. "म्याडम, आजवर काय मागितलं न्हाई. परीक्षकायला नवाच्या आत आना."

"मामा, मी स्वतः जाते त्यांना आणायला."

आणि मॅडमनी शब्द पाळला. परीक्षेच्या दिवशी पावणेनऊला परीक्षक दिनकरराव फाटकातून आत आले. बरणीखाली साठ-सत्तर टोप्या ताठ उभ्या होत्या. मामांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात मॅडमनी त्यांचा हात धरला. "मामा, आधी पाच मिनिटं हॉलमध्ये चला."

हॉलमध्ये हार, शाल, नारळ. मामांचा निरोप समारंभ! पाहुणे वेळेवर आलेच आहेत, तर त्यांच्याच हातून उरकून घेऊ, असं ठरलं होतं म्हणे.

"म्याडम, आदी बुरशी बगा, मंग…"

"बसा हो मामा. आज तुम्ही काही काम करायचं नाही."

बसले बिचारे. करतात काय? समोर घड्याळ. दोन पोरी बोलल्या, ग्रंथपाल बोलले, एकाने कविता म्हटली. दहाला दिनकरराव उठले आणि सेवा या विषयावर पाऊण तास बोलले. "अशा माणसांमुळेच प्रयोगशाळा जिवंत आहे," म्हणाले. टाळ्या पडल्या. मग चहा आला, पोहे आले.

साडेअकराला मामा गळ्यात हार, अंगावर शाल घेऊन जिन्यावरून धावत सुटले. बरणीच्या खिडकीकडच्या बाजूला काळेच काळे ठिपके चिकटले होते. आत एकही दांडी उभी नव्हती.

मागून आलेल्या दिनकररावांनी वाकून पाहिलं. "इथं काय होतं, मामा?"

"तुमी भाषनाला उठलाव ना साहेब, तवा समदं होतं," मामा म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "माजा सत्कार कुनी मागितला होता?"

मॅडमचा हात सवयीने चार्टकडे गेला. तो पोचायच्या आत मामांनी खिळ्यावरून चार्ट उतरवला, गुंडाळला आणि काखेत मारला.

"हे न्हाई. जे हाय ते काढा. ठिपके काढा."

पोरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मान खाली घातली. मग एकेक जण पेन्सिल घेऊन बरणीपाशी आला. मामा दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. अंगावरची शाल घामाने भिजली होती, तरी ती काढायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.