दारापासून दोन पावलं मागे

तीन वेळा टकटक करायची, दोन पावलं मागे सरायचं आणि थांबायचं. कारध्याच्या त्या घरात सहा खोल्या होत्या आणि काका रोज सकाळी सहाही दारांसमोर हेच करत. हात पाठीमागे, नजर खाली. आतून "या" आलं तर आत जायचं. नाही आलं तर पुढच्या दाराकडे वळायचं आणि परत येऊन पुन्हा तीन टकटक. खिशात सहाही खोल्यांच्या किल्ल्या असताना.

तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? दार तर कुणीही वाजवतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जरा आठवून पाहा, इस्पितळात खाटेवरच्या माणसाला विचारून कोणी पडदा सारतं का? आणि जेलमध्ये? त्या घरात राहणारे सगळे याच दोन ठिकाणांहून आलेले होते.

मी तेव्हा भंडाऱ्याला समाजकार्याचं शिक्षण घेत होते. माझं गाव सानगडी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कुठे काय बोलायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी बहुतेक वेळा गप्पच असायचे. कॉलेजने क्षेत्रकार्यासाठी मला वर्षभर या घरात पाठवलं. एका संस्थेने कारध्याला, भंडाऱ्यासमोर नदीच्या या काठाला, ते भाड्याने घेतलं होतं. मनाचा आजार आहे, आजारपणातच काही गुन्हा घडला, आता कोर्टाने किंवा इस्पितळाने सोडलं आहे, पण स्वतःच्या घराचं दार बंद झालंय, अशी माणसं तिथे राहत. प्रत्येकाला एक खोली, वेळेवर औषध, जेवण आणि कोर्टाच्या तारखेला सोबत. बाबांना मी हे सगळं समजावून सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "सरकारी हाये का?"

काका तिथले व्यवस्थापक. कागदावर तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते भाजी निवडत, वकिलाला फोन करत, तुंबलेली मोरी काढत. पहिल्या दिवशी मी त्यांना "सर" म्हटलं तर त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू मागे कोणी सर उभे आहेत. "सर अथी कोनी नाई," म्हणाले. "काका म्हन. अन चप्पल तथी काढ, सत्यवान आत्ताच पुसून गेला." सत्यवान आमच्याकडचा सगळ्यात जुना रहिवासी. फरशी पुसणं हे त्याने स्वतःहून घेतलेलं काम होतं आणि ओल्या फरशीवर पाय पडला तर तो दिवसभर बोलत नसे.

काकांचा बाप मोहाडीला हातमागावर बसायचा. काका मात्र जेलच्या नोकरीत गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच शिपाई होते. म्हणजे उभा जन्म त्यांनी दारं बाहेरून लावली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बाजाराला निघाले आणि जाता जाता स्वयंपाकघराची कडी बाहेरून घालून, वर घराला कुलूप ठोकून गेले. काकू आत भात टाकत होत्या. काका दोन तासांनी वांगी घेऊन परतले, तोवर शेजारणीने खिडकीतून सगळी हकीकत ऐकली होती. कडी काढल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "कोन्त्या गुन्यात आत हावो जी मी? तेवढं तरी सांगा."

ही गोष्ट काका स्वतः सांगत आणि सगळ्यांत जास्त हसत. घरातले सगळेही हसत, कारण कडीचा तो आवाज प्रत्येकाच्या ओळखीचा होता. पण एकदा, सगळे उठून गेल्यावर, ते मला म्हणाले, "हातानं लावली पोरी. मले मालूमच नाई झालं. तवा समजलं का हाताले दुसरं काम शिकवा लागते." या घराचं काम त्यांनी त्यानंतरच धरलं. आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी सहाही दारांच्या बाहेरच्या कड्या स्क्रूने काढून टाकल्या. दारं आता फक्त आतून, खटक्याच्या कुलपाने लागत. बाहेरून उघडायची किल्ली काकांच्या खिशात, आणि ती वापरायची फक्त आग लागली किंवा कोणाचा जीव धोक्यात असला तर. हा नियम त्यांनीच केला होता.

दुसरा नियम फळ्याचा. जेवणाच्या खोलीत एक काळा फळा होता. त्यावर प्रत्येकाची कोर्टाची आणि इस्पितळाची तारीख आठ दिवस आधी खडूने लिहायची आणि रोज चहाच्या वेळी मोठ्याने वाचायची. तारीख झाली, माणूस परत आला, की त्याने स्वतःच्या हाताने ती पुसायची. दुसऱ्या कोणी नाही. नदीवरच्या पुलावरून ऑटो परतली की पाणी प्यायच्या आधी माणूस फळ्याकडे जाई. मी पाहिलंय, काही जण नुसतं बोट फिरवत. काही जण शर्टाच्या बाहीने घासून घासून पुसत.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते.

धनराज नाकाडोंगरीकडचा. वय पस्तिशीचं, हात खाणीत काम केलेले, आवाज मात्र अगदी हळू. आजार वाढला होता तेव्हा त्याने एसटीवर दगड मारले होते. काच फुटून चालकाच्या कपाळाला लागलं. धनराज सात महिने आत होता. नंतर औषध सुरू झालं, कोर्टाने जामिनावर सोडलं, पण अटीवर. याच घरात राहायचं, उपचार घ्यायचे आणि प्रत्येक तारखेला हजर व्हायचं. आधीची एक तारीख त्याच्याकडून चुकली होती. कोर्टाच्या दारातूनच तो मागे फिरला होता. वकीलबाईंनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं की आणखी एकदा असं झालं तर वॉरंट निघेल, धनराज परत आत जाईल आणि पुन्हा जामीन मिळणं कठीण होईल.

पुढची तारीख फळ्यावर लागली आणि धनराजची झोप गेली. जेवताना तो फळ्याकडे पाठ करून बसे. चहाच्या वेळी तारीख वाचली की तो चहा तसाच ठेवून उठायचा. मला ते बघवेना. तारखेला तीन दिवस राहिले असताना काका संस्थेच्या बैठकीसाठी नागपूरला गेले. घर माझ्यावर आणि स्वयंपाकाच्या बाईंवर होतं. मी ओल्या फडक्याने धनराजची तारीख पुसली. त्याने विचारलं तेव्हा म्हटलं, पुढे गेली असेल, काका आले की बघू. मनात ठरवलं होतं की तारखेच्या दिवशी सकाळीच सांगू, म्हणजे काळजी करायला वेळच उरणार नाही. त्या तीन रात्री धनराज झोपला. मला वाटलं, मी काहीतरी शहाणपणाचं केलंय.

काका तारखेच्या आदल्या दिवशी उशिरा आले आणि सरळ झोपायला गेले. सकाळी फळा वाचायला उभे राहिले तर धनराजची ओळच नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, तिथेच, सगळ्यांसमोर. धनराजने कप खाली ठेवला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

तेव्हा आठ वाजले होते. कोर्टात अकराला पुकारा.

काका रागावतील याची मी वाट पाहत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी धनराजच्या दारावर तीन टकटक केली, दोन पावलं मागे सरले. उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा. मग म्हणाले, "धनराज, बोलू नको. फक्त जीव बरा हाये नं, तेवढं सांग." आतून दारावर एक ठोका पडला. "बस," काका म्हणाले आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

दर दहा मिनिटांनी हेच. काकांचा तोच प्रश्न, आतून एक ठोका. नऊ वाजले, साडेनऊ झाले. वकीलबाईंचा फोन आला. काका म्हणाले, येऊन राहिलो. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या की किल्ली आहे तर उघडा ना भाऊ, त्याच्याच भल्यासाठी आहे. मीही तेच म्हटलं. रडत म्हटलं की माझ्यामुळे तो आत जाईल, काका, उघडा.

काकांनी किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढला आणि हातात धरला. मला वाटलं, आता उघडतील. पण त्यांनी तो माझ्यासमोर फरशीवर ठेवला.

"किल्लीनं दार उघडते. मानूस नाई उघडत," ते म्हणाले. "ओढत नेला तं तो कोर्टात पोचन. अन उद्यापासून हे घर त्याच्यासाठी जेलच. मंग अथी का करून राहिलो आपून?" मग म्हणाले, "माहा बाप म्हने, मागावर घाई केली का धागा तुटते. तू तोडला तं तूच जोड. जा."

मी दाराजवळ गेले. टकटक केली, तीन वेळा. दोन पावलं मागे सरले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. कॉलेजात मुलाखतीचं तंत्र शिकवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी गावची भाषाच तोंडात आली.

"धनराजभाऊ, तारीख म्याच पुसली. तुमाले झोप नव्हती म्हनून. पुढं गेली म्हनून खोटं बोलली. तुमाले ईचारा लागत होतं, नाई ईचारलं. चुकली मी." मग घड्याळाकडे पाहिलं. "आज अकराले हाये. आमी दोघंबी तुमच्या सोबत येतो. तुमी म्हनसान तं दारातून वापस येऊ. पन दारापर्यंत चला."

मी येऊन भिंतीपाशी बसले. काका डोळे मिटून बसले होते. सत्यवान बादली घेऊन आला, आम्हाला पाहून थांबला आणि ओली फरशी तशीच सोडून आमच्या शेजारी बसला. दहा वाजून गेले. मला पुन्हा बोलावंसं वाटत होतं, काकांनी हातानेच नको म्हटलं.

मग आतून कुलपाचा खटका वाजला. धनराज धुतलेला शर्ट घालून उभा होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. काकांना म्हणाला, "पानी पिऊन घेतो, काका."

ऑटोत धनराज आमच्या मध्ये बसला. पुलावर त्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. कोर्टाच्या दारात तो थबकला, तेव्हा काकाही थबकले, मीही. मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून गेले. काका घड्याळाकडे पाहत नव्हते. मग धनराजच पुढे झाला. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याने "हजर" म्हटलं, इतक्या हळू की परत विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तो मोठ्याने म्हणाला.

परतल्यावर तो सवयीने फळ्याकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. पुसायला काही नव्हतं. मला काकांनी खूण केली नाही, मी हे नक्की सांगते. मी खडू घेतला आणि त्या दिवसाची तारीख, त्याच्या नावासमोर, मोठ्या अक्षरात लिहिली. धनराजने ती वाचली. मग तळहाताने पुसली, सगळी, आणि हात पँटला झटकला. त्या दिवसानंतर आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. आठव्या दिवशी म्हणाला, "ताई, माही पुढची तारीख लिवली का?"

काका मला त्या चुकीबद्दल नंतर कधी काही बोलले नाहीत. फक्त माझ्या अहवालात मी लिहिलं होतं की "लाभार्थ्याला खोलीबाहेर आणण्यात आले". ते वाक्य त्यांनी खोडायला लावलं. "कोनी आनला? तो आला," म्हणाले.

माझं शिक्षण संपलं आणि मी त्याच घरात कामाला लागले. त्यानंतर वर्षभरात काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळपास बंद झालं. मुलगी त्यांना साकोलीला आपल्या घरी घेऊन गेली. जुडगा आता माझ्या खिशात असतो. तो खूप जड आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

गेल्या महिन्यात धनराजची केस संपली. निकाल त्याच्या बाजूने लागला. चालकाची त्याने कोर्टाच्या आवारातच माफी मागितली, कोणी सांगितलं नव्हतं. परतल्यावर त्याने शेवटची तारीख पुसली आणि म्हणाला की आधी साकोलीला जाऊ, मग जेवू. आम्ही तसेच बसने गेलो.

काकांच्या मुलीने आम्हाला पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. "जा नं भाऊ, उघडंच हाये," ती म्हणाली. "बाबाले बोलता नाई येत."

धनराज दारापर्यंत गेला. तीन वेळा टकटक केली. दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे बांधून थांबला. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मीही धनराजच्या मागे जाऊन उभी राहिले.

बराच वेळ गेला. मग आतून खाटेच्या लाकडावर एक ठोका पडला.