टॉवरला आमच्या गावाचा विरोध

आष्ट्याच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाबाहेर विहिरीजवळ आमचा उसाचा तुकडा. थोरला मुलगा पलटणीतून रिटायर होऊन येणार होता, त्याला घर तिथंच बांधायचं होतं. सुट्टीवर आला की स्वयंपाकघर कुठं, न्हाणी कुठं हे पावलं टाकून मला दाखवायचा. एका सकाळी बघते तर त्याच जागेवर कुणीतरी चुन्याच्या खुणा करून ठेवलेल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, विजेची मोठी लाइन जाणार, आणि टॉवरचे चारी पाय आमच्या स्वयंपाकघरात येणार.

मी तडक ग्रामपंचायतीत गेले. सरपंच नात्यानं माझे पुतणे लागतात, त्यामुळं बोलायला मला भीड नाही. म्हटलं, "तुला न विचारता गावात टॉवर उभा राहतोय, मग तू खुर्चीत कशाला बसलाईस?"

त्यांना ते लागलं. "काकी, माझ्या परवानगीबिगर या गावात खुट्टी ठोकू देत न्हाई," म्हणाले.

ग्रामसभा बोलावली. एरवी सभेला शिपाई पारावरची माणसं गोळा करून आणतो, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. टॉवरची जागा बदलल्याशिवाय काम होऊ द्यायचं नाही, असा ठराव झाला. टाळ्या वाजल्या. मीही भाषण ठोकून घेतलं. घरी येऊन मुलाला फोन केला, "घराची काळजी करू नगंस, गाव पाठीशी हाय."

काम सुरू व्हायच्या दिवशी सगळं गाव बांधावर. जीपमधून वीज कंपनीचे एक तरुण साहेब उतरले. सरळ माणूस वाटला. म्हणाले, "तुमचा ठराव मिळाला. पण या कामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झालाय."

"लागतच न्हाई?" सरपंचांनी विचारलं.

"नाही."

"मग ग्रामपंचायतीची कशाला लागती?"

मागून एक जण म्हणाला, "रस्त्यावरचा बल्ब बदलायला." माणसं हसली. सरपंच हसले नाहीत.

आता आमच्या गावाची एक खोड सांगते. बाहेरचा कुणी साहेब आला की शाल-नारळ दिल्याशिवाय आम्ही त्याला सोडत नाही. पाण्याची टाकी गळते म्हणून बघायला आलेल्या माणसालाही आम्ही फेटा बांधला होता. तो फेट्यासकट गेला, टाकी अजून गळतेय. शिवाय जमिनीला पहार लागायच्या आधी नारळ फुटलाच पाहिजे, मग काम कुणाचंही असो.

मजुरानं पहार उचलली तसे सरपंच पुढं धावले. मला वाटलं, आता पहार धरतात. ते म्हणाले, "थांब रं, आदी नारळ फुटू दे. अपशकुन नगं."

नारळ फुटला. कुणी हळद-कुंकू वाहिलं. उपसरपंचांनी पिशवीतून शाल काढली. मी विचारलं, "विरोध करायला येताना शाल कशाला आणली?"

"साहेब येणार म्हटल्यावर असू द्यावी, काकी."

साहेब बिचारे लाजत शाल पांघरून उभे राहिले. फोटो निघाला. खोबरं वाटलं, माझ्याही हातावर आलं. खोटं कशाला बोलू, खाल्लं मी ते.

"आरं, विरोध करायला आलायसा का बारशाला?" मी सरपंचांना म्हटलं.

"विरोध कायम हाय, काकी. पर रीत सोडून कसं चालंल?"

तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला, खाली लिहिलेलं, 'ग्रामस्थांच्या उत्साही सहकार्याने कामास प्रारंभ.' मुलानं तिकडं पलटणीत बघितला आणि फोन केला, "आई, मागं हसतीयास ती तूच न्हवं?"

"हसत न्हवते. खोबरं चावत होते."

त्यावर 'बरं' म्हणून त्यानं फोन ठेवला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं मला.

टॉवर उभा राहिला. मुलगा रिटायर होऊन आला, म्हणाला, घर जरा बाजूला सरकवू, विहिरीच्या अंगाला. अर्ज केला. सरपंचांनी मला बोलावून घेतलं. "काकी, त्यो कोपराबी तारांखालीच येतोय. घराला परवानगी देता येत न्हाई."

"आनि हितं तुजी परवानगी लागती व्हय?"

"लागती की. घराला लागती."

हे म्हणताना त्यांचा आवाज लय भरदार झाला. इतक्या दिवसांनी त्यांना काहीतरी अडवायला मिळालं होतं, आणि ते त्यांनी पक्कं अडवलं. तिथं ना जिल्हाधिकारी आडवे आले, ना कुणी नारळ फोडला.

आमच्या गावातल्या घरात जागा पुरत नाही, म्हणून मुलगा सध्या आष्ट्यात भाड्याच्या खोलीत राहतो. सकाळी ऊस बघायला येतो आणि जेवायला परत जातो.