शृंखला आणि इळा

आमच्या गावात कुणाला माइकसमोर उभं राहायचं असलं की भाषण माझ्याकडून लिहून नेतात. मी शाळामास्तर, त्यात भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत, पुण्या-मुंबईकडच्या लोकांत वाढलेलो. म्हणून माझं मराठी शुद्ध, असा गावाचा समज आहे. तो मीच करून दिलाय.

यंदा पंधरा ऑगस्टला शाळेनं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंना बोलायला बोलावलं. इंग्रजांनी जंगलातलं गवत कापायला बंदी केली, तेव्हा बाईंचे वडील भर बाजारात बैलबंडीवर उभे राहून बोलले होते. ते ऐकून माणसं इळे घेऊन त्यांच्यामागे जंगलात गेली, आणि वडील तुरुंगात. भाषण जबरदस्त होतं, हे सगळ्यांना ठाऊक. काय होतं, ते फक्त बाईंना, आईकडून ऐकलेलं.

"एकडाव बापाचं बोलणं गावाच्या कानावर घालतो, मंग मी मोकळी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते मला सांगितलं. मी ऐकलं, आणि निम्मं खोडलं. स्वातंत्र्यवीर असं बोलतो होय? मी 'पारतंत्र्याच्या शृंखला' घातल्या, 'रणशिंग' घातलं. आठ दिवस बाईंकडून घोटून घेतलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

झेंडा फडकला. बाई काठी टेकत माइकपाशी गेल्या.

"पारतंत्र्याच्या शृंक... शृंग..."

पोरं फिदीफिदी हसली. मी खालून ओठ हलवून शब्द सांगत होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माइक घट्ट धरला.

"हे गुरुजीचं हाय. माह्या बापाचं असं नोहोतं. तो म्हणे, बैल उपाशी हायेत, मी गवत कापाले चाललो. ज्याले भेव वाटत असन त्यानं आपला इळा मले द्यावा, मी दोन हातानं कापतो. बस, इतकंच. बोलताना त्याचे पाय लटलट कापत होते. माय बंडीमागंच उभी होती, तिनं पायलं. पण इळा कोणंच नाई देला."

मग मागच्या रांगेतल्या शेतकऱ्यांनी जशा टाळ्या वाजवल्या, तशा माझ्या एकाही भाषणाला पडलेल्या नाहीत. पाय कापल्याची ओळ मी सगळ्यात आधी खोडली होती, आणि लोक हलले ते तिथंच. मला मनापासून लाज वाटली.

चिवडा खाताना मी बाईंना विचारलं, "बाई, आठ दिवस माझ्यासमोर घोकत होतात. तेव्हाच काऊन नाई सांगितलं, हे चुकलं म्हणून?"

बाईंनी चिवड्यातली मिरची बाजूला काढली.

"कसं सांगू गुरुजी? तुमचं भेव वाटत होतं ना मले."