वीस पट की साठ पट

दूरचे पक्षी बघायला एकाच डोळ्याला लावायचा, तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप घ्यायचा, हे मी पक्षी बघायला लागल्यानंतर बाराव्या वर्षी ठरवलं. आधीची अकरा वर्षं दुर्बिणीवर निघाली. जामनेरजवळच्या ज्या तलावावर आम्ही हिवाळ्यात दर रविवारी जातो, त्याचा पलीकडचा काठ दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे, आणि हे बदकांना माहीत आहे. ती सगळी तिकडेच बसतात.

आम्ही म्हणजे मी आणि नाना. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. नाना त्याच शाळेचे मुख्याध्यापक होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. मी नवी असताना सहलीच्या बसमधून तारेवरचा एक पक्षी दाखवून त्यांनी मला विचारलं होतं, "हा कोण?" मी म्हटलं, "कावळा." तो कोतवाल होता. सोमवारी माझ्या टेबलावर पक्ष्यांचं एक पुस्तक ठेवलेलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्याकडे शिकते आहे. ते मला अजूनही 'बाई' म्हणतात.

पलीकडच्या काठावर तपकिरी ठिपक्यांची एक रांग होती. नाना म्हणायचे, ते चक्रवाक आहेत. मी म्हणायचे, दगड आहेत. हा वाद दोन हिवाळे चालला.

"दगड असते तर उन्हाळ्यातही दिसले असते," नाना म्हणायचे.

"उन्हाळ्यात आपण येतो कुठे?"

हे खरं होतं. उन्हाळ्यात तिथे म्हशीही येत नाहीत.

शेवटी नोव्हेंबरात आम्ही दोघं जळगावला गेलो. शेतमोजणीची उपकरणं विकणाऱ्या एका दुकानात स्कोप मिळतो, असं कळलं होतं. दुकानदाराने एक भला थोरला स्कोप काढला. त्याचं डोळा लावायचं भिंग, म्हणजे आयपीस, फिरवलं की वीस पटीपासून साठ पटीपर्यंत मोठं दिसायचं.

"साठ पट म्हणजे चंद्रावरचे खड्डे दिसतील," तो म्हणाला.

"आमचं चंद्रावर काही काम नाही," नाना म्हणाले.

त्याने आम्हाला गच्चीवर नेलं. सकाळचे अकरा वाजले होते. दूर पाण्याची एक टाकी होती. वीस पटीवर टाकीवर रंगवलेली जाहिरात वाचता आली, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह. साठ पटीवर टाकी उकळायला लागली. ऊन चढलं की आपल्याकडे जमिनीवरची हवा थरथरते, आणि स्कोप ती थरथरही साठ पट करतो. त्यात चित्रही अंधारलं होतं. मी दुकानदाराला हे सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, त्याला ऊन जबाबदार आहे." मग आमच्याकडे ऊन नसेल तेव्हा स्कोप वापरायचा, असं ठरवलं असतं तर तो वर्षाकाठी फारसा वापरात आलाच नसता. नानांनी स्कोप उचलून बघितला आणि लगेच खाली ठेवला. "याला एक शिपाई लागेल," ते म्हणाले.

त्यामुळे हा स्कोप बाद झाला, असं मी समजले. पण परतीच्या एस.टी.त नाना म्हणाले, "साठवालाच घ्या, बाई. विसात काय दिसणार?"

"नाना, साठवर टाकी हलत होती."

"टाकी हलत नव्हती. तुम्ही हलत होता."

आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस असं बोलतो, याचं मला नवल वाटलं. रागही आला. मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसले आणि वाटेतलं नेरी गाव येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

धुळ्यात माझ्या ओळखीच्या डोळ्यांच्या एक डॉक्टर आहेत. त्यांनाही पक्ष्यांचा नाद आहे, आणि त्यांच्याकडे पिशवीत मावणारा, पन्नास मिलिमीटर भिंगाचा छोटा स्कोप होता. मी फोनवर सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "चपलासुद्धा आपण घालून बघून घेतो. या रविवारी या. माझ्याकडे दोन आयपीस आहेत, दोन्हीला डोळा लावून बघा, मग ठरवा."

डिसेंबरातल्या एका रविवारी पहिल्या गाडीने आम्ही धुळ्याला पोचलो. डॉक्टरांनी त्यांच्या गाडीतून साक्री रस्त्यालगतच्या एका तलावावर नेलं. स्कोप तिपाईवर चढवला. त्याचं आयपीस वरच्या बाजूला तिरकं होतं, म्हणजे मान थोडी वाकवून वरून बघायचं, विहिरीत डोकावतात तसं. मला मानेचा त्रास आहे. शिवाय नाना माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. सरळ स्कोप असता तर दर वेळी तिपाई खालीवर करावी लागली असती. या तिरक्या स्कोपात दोघांना एकाच उंचीवर बघता येत होतं. तेवढं तिथल्या तिथे ठरलं.

मग आयपीस. पहिलं फिरवून कमीजास्त होणारं होतं. माझा चष्मा जाड आहे. चष्मा लावून त्यात बघितलं तर मधोमध नाण्याएवढं तळं दिसलं आणि भोवती काळोख. चष्मा काढला तर तळंच गेलं. दुसरं आयपीस एकाच पटीचं होतं, विसाच्या थोडं वर, पण रुंद. त्यात डोळा भिंगापासून जरा लांब ठेवला तरी चालायचं, त्यामुळे चष्म्यासकट अख्खं दृश्य दिसलं. तलवार बदकांचा थवा होता. नराच्या शेपटीची लांब सुई दिसली, मानेवरची पांढरी रेघ दिसली. एक बदक झोपलं होतं आणि मधूनमधून एक डोळा उघडून बघत होतं. मी ते किती वेळ बघत राहिले, मला ठाऊक नाही. नाना खाकरले तेव्हा मी बाजूला झाले.

नाना वाकले. बराच वेळ भिंगाचं चाक पुढेमागे करत राहिले. पाण्यात मासेमारांनी जाळ्यांसाठी बांबू रोवले होते, त्यांच्यावर त्यांनी स्कोप धरला होता.

"यात खोट आहे," ते म्हणाले. "बांबू मधे वाकडा दिसतो."

डॉक्टरांनी आयपीस बदललं. नानांनी पुन्हा बघितलं.

"यातही खोट आहे."

मी हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. "नाना, डावा डोळा लावा बरं," त्या म्हणाल्या.

नानांनी डावा लावला. "आता सरळ आहे."

"आता उजवा."

नाना उजव्याने बघत राहिले. डॉक्टरांनी स्कोपला टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं, "उजव्या डोळ्याला हे असं कधीपासून होतंय?"

नानांचं मूळ गाव शिंदखेड्याकडचं. पण शाळेत कुणी घरची बोली बोललं तर ते त्याला वाक्य प्रमाण मराठीत पुन्हा म्हणायला लावत. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अहिराणी मी ऐकली नव्हती.

"पोयापाईन," ते म्हणाले.

पोळ्यापासून. म्हणजे तीन-साडेतीन महिने. पोळ्याला पुतण्याच्या बैलाचं एक शिंग त्यांना वाकडं दिसलं होतं. त्यांनी पुतण्याला बैल बदलायला सांगितलं होतं.

"मग घरी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कोनले सांगू? बठ्ठा हासतीन."

बठ्ठा म्हणजे सगळे. आणि त्या सगळ्यांमधली पहिली मी, नुकतीच हसून मोकळी झालेली. साठ पटीचा हट्ट कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. मोठं केलं की नीट दिसेल, असं त्यांना वाटत होतं. नेरीपर्यंतचा माझा अबोला आठवून मला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरांनी रविवार असूनही दवाखाना उघडला. औषध घालून बाहुली मोठी केली, चौकटींचा कागद दाखवला, यंत्रातून बघितलं. डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपत होतं, त्यामुळे सरळ रेघ वाकडी दिसत होती. पडद्याच्या तज्ज्ञाकडे दोन दिवसांत जायला हवं, त्या म्हणाल्या. इंजेक्शनं घ्यावी लागतील.

"कुठे?" नानांनी विचारलं.

"डोळ्यात."

नानांनी उजवा डोळा हाताने झाकला. "कोणत्या बाजूने?"

"बाहेरच्या."

"ठीक आहे," नाना म्हणाले. एव्हाना ते प्रमाण मराठीत परत आले होते.

मी अक्कांना, म्हणजे नानांच्या पत्नीला, फोन लावला. कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव केली होती. तिची गरज पडली नाही. अक्का म्हणाल्या, "मला वाटलंच. तीन महिने रोज पेपर मला मोठ्याने वाचायला लावतात. म्हणतात, तुझे उच्चार सुधारायला हवेत."

पहिलं इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं. मी सोबत गेले होते. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "चावत नाही. नुसता विचारच चावतो." पुढची दोन इंजेक्शनं एकेका महिन्याच्या अंतराने झाली. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण आहे ते टिकेल, असं तज्ज्ञाने सांगितलं. तिसऱ्यानंतर नानांना उजव्या डोळ्याने पेपरचे मथळे वाचता यायला लागले. अक्कांनी मोठ्याने वाचणं त्या दिवशी बंद केलं.

मधल्या काळात माझा स्कोप आला. पन्नासचा, तिरका, आणि एकाच पटीचं ते रुंद आयपीस. पहिल्याच रविवारी आम्ही तो पलीकडच्या काठावर रोखला. ते दगड होते. त्यांतल्या सहा दगडांवर चक्रवाक बसले होते. दोघांनीही आपापलं म्हणणं खरं ठरल्याचं जाहीर केलं आणि डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली.

फेब्रुवारीत एके सकाळी तलावावर धुकं होतं. ते विरलं तेव्हा मधल्या बेटावर सात मोठे राखाडी पक्षी उभे होते. नाना स्कोपपाशी होते. डावा डोळा लावून ते एकदम ताठ झाले, वाकलेल्या माणसाला जेवढं होता येतं तेवढे.

"पट्टकदंब हंस," ते कुजबुजले. "डोक्यावर दोन काळे पट्टे. दोन, बाई. स्वच्छ."

हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी आम्ही दोघांनीही कधी बघितला नव्हता.

"मला बघू द्या ना," मी म्हटलं.

"थांबा."

मी थांबले. नाना बघत राहिले. पाच मिनिटांनी मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा "थांबा" म्हणाले. मग पलीकडे कुणीतरी म्हशी पाण्यात घातल्या आणि सातही हंस उठले. आवाज करत आमच्या डोक्यावरून वाघूर नदीच्या दिशेने गेले. मला त्यांची पोटं तेवढी दिसली.

नाना ताठ उभे राहून आभाळाकडे बघत होते. मग त्यांनी मोठ्या सौजन्याने हात पुढे केला आणि म्हणाले, "या, बाई. आता तुम्ही बघा."