कमरेतल्या सुईआधी

देवावर माझा विश्वास होता, माणसांवर नव्हता. विहिरीच्या पायरीवरून घसरून घोटा मोडला आणि मुलाने मला चिखलीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा हा स्वभावही सोबत आला. कमरेत सुई देऊन पाय बधिर करणार, हे कळताच मन आणखी बिथरलं. आमच्या जाऊबाई त्या सुईनंतर वर्षभर कंबर धरून चालल्या, असं त्याच सांगतात. मग मला पूर्ण भूल का देत नाहीत? काही लपवत तर नाहीत? जो तो हसून बोलला की मला त्यात डाव दिसे.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, रोजच्या काही गोळ्या चालू आहेत का?" मुलगा औषधं आणायला गेला होता. मी म्हटलं, "काईच नाही." खरं तर हृदयाचे ठोके चुकतात म्हणून रक्त पातळ करायची गोळी मी घेत होते. पण जेवढं सांगावं तेवढे नवे रोग हे लोक काढतात, ही माझी पक्की समजूत.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर पडले होते. कळ मस्तकात जात होती. रेणुकामायचा अंगारा कपाळी लावावा म्हणून कमरेची पिशवी चाचपली, तर अंगाऱ्याऐवजी गोळ्यांची पट्टी हाती आली आणि निसटून खाली पडली. बाकावरच्या एका अनोळखी बाईने ती उचलली, उलटून पाहिली.

"माह्या मालकाले ह्याच गोळ्या होत्या," ती म्हणाली. "डॉक्टरीनबाईले सांगतलं का?"

"तुम्हाले काय करायचं?" मी फटकारलं. हिला इथं कोणी बसवलं, असंही मनात आलं.

ती चिडली नाही. "ह्या चालू असल्या तं कमरेत सुई देत नाहीत वं माय. लपवून कोणाले फसवून राह्यली तू?"

पट्टी माझ्या हातात ठेवून ती गेली. अंगारा शोधताना हीच वस्तू हाती यावी? मग नर्सला हाक मारली आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या माझ्याजवळ स्टुलावर बसल्या. "बरं झालं बोललात. मणक्यात रक्त साचलं असतं, तर पाय कायमचे लुळे पडू शकले असते." कमरेतली सुई रद्द झाली, गोळीचा असर उतरावा म्हणून ऑपरेशन काही दिवस पुढे गेलं. तोवर कळ थांबावी म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर नस बघत त्यांनी गुडघ्यामागे पाऊल बधिर करणारी बारीक सुई दिली. पडल्यापासून दोन दिवसांत पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला. पुढे ऑपरेशनही त्याच रीतीने, मी जागी असताना झालं.

ती बाई कोणाची, कुठली, मला ठाऊक नाही. चमत्कार म्हणावा असा माझा आग्रहही नाही. पण देवीपुढे हात जोडताना माणसांपुढे मूठ आवळून ठेवणं ही भक्ती नव्हे, एवढं उमगलं. गुडघ्यामागे सुई टेकली तेव्हा मी पुटपुटले होते, "आता मी तुझ्या हाती." ते रेणुकामायला म्हटलं की डॉक्टरबाईंना, मला आजही सांगता येत नाही.